कोरियन ऐतिहासिक प्रेममालिका : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

थेऊरला माधवराव जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे आपल्याला शाळेच्या वयापासून माहीत असतं. तरी ती गोष्ट कुणी सांगायला घेतली की आपण ऐकत बसतो. शेवट ठाऊक असतो, म्हणूनच त्या दोघांचा एखादा साधा हसरा प्रसंगही पोटात कालवाकालव करतो. कोरियातला प्रेक्षक 'द रेड स्लीव्ह' लावून बसतो तेव्हा त्याचंही असंच होत असतं. त्या राजाचं आणि त्या दासीचं पुढे काय झालं, हे इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. आपल्याला ते माहीत नसतं. मग आपण 'पुढे काय होईल' एवढ्याच ओढीने भागांमागून भाग संपवतो आणि मालिकेतलं अर्धंअधिक आपल्या हातून निसटतं.

मैत्रिणी, मावशी, ऑफिसातल्या नव्या मुली विचारतात, "या राजवाड्यातल्या मालिका सुरू करायच्यात, पण कुठून करू? नावं लक्षात राहत नाहीत, सगळे सारखेच दिसतात." त्यांच्यासाठी हा लेख. माझा सल्ला एका वाक्यात मावतो: तिथल्या प्रेक्षकाला जे आधीपासून माहीत असतं, त्यातलं थोडंसं आपणही गाठीला बांधून घ्यायचं आणि मग बघायला बसायचं. त्याला एक संध्याकाळ पुरते.

पायरी पहिली : एक कालखंड आणि चार सनावळ्या

कोरियात ऐतिहासिक मालिकेला 'सागुक' म्हणतात. आपल्यापर्यंत पोचणारे बहुतेक प्रेमकथेचे सागुक जोसॉन राजवटीत घडतात. ही राजवट १३९२ ला सुरू झाली. १८९७ ला तिने 'कोरियन साम्राज्य' असं नाव घेतलं आणि १९१० ला जपानने देश गिळला तेव्हा ती संपली. पाचशे वर्षं एकाच घराण्याचं राज्य. त्या आधीचं गोऱ्यो, त्याच्याही आधीचं सिल्ला, हे सध्या बाजूला ठेवा.

वहीत चार सनावळ्या लिहा. त्यातल्या तीन आपल्या इतिहासाला अशा जोडल्या जातात की विसरणं कठीण.

१५९२ ला जपानची स्वारी झाली. याच धामधुमीत सोलमधला मुख्य राजवाडा ग्यॉंगबोकगुंग जळाला आणि जवळजवळ पावणेतीनशे वर्षं तसाच पडून राहिला. म्हणून सतराव्या-अठराव्या शतकातले राजे तुम्हाला चांगडॉकगुंगसारख्या दुसऱ्या वाड्यांत राहताना दिसतील.

१६३६ ला आपल्याकडे निजामशाही संपली आणि शहाजीराजांना आदिलशाहीत जावं लागलं. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात उत्तरेकडून मांचू फौजा जोसॉनमध्ये घुसल्या. राजा इंजो डोंगरी किल्ल्यात दीड महिना अडकून पडला आणि १६३७ च्या सुरुवातीला खाली उतरून त्याला मांचू सम्राटापुढे तीनदा गुडघे टेकून नऊदा कपाळ जमिनीला लावावं लागलं. कोरियन मन ती जखम अजून विसरलेलं नाही.

१६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याच वर्षी तिकडे सुकजोंग गादीवर आला. त्याची राणी इनह्यॉन आणि त्याची आवडती जांग ही-बिन यांचा झगडा कोरियन टीव्हीने पुनःपुन्हा सांगितला आहे. जांग ही-बिनला १७०१ ला राजाज्ञेने विष देण्यात आलं. मालिकेत पांढऱ्या कपड्यांतली एखादी बाई चटईवर बसली आहे आणि समोर काळ्या काढ्याचा वाडगा ठेवला आहे, असं दृश्य आलं की हाच प्रकार चाललाय असं समजा.

आणि १७६२. पानिपतानंतरचं वर्ष. राजा यॉंगजोने आपल्या पोटच्या मुलाला, युवराज सादोला, भर उन्हाळ्यात तांदळाच्या लाकडी पेटाऱ्यात कोंडलं. आठ दिवसांनी तो आतच मेला. त्याचा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तोच पुढे १७७६ ला राजा जॉंगजो झाला आणि १८०० ला गेला. नाना फडणवीस गेले तेच हे वर्ष. या मुलाच्या डोक्यावर आयुष्यभर त्या पेटाऱ्याची सावली होती, एवढं माहीत असलं तरी अर्ध्या डझन मालिकांचं कुलूप उघडतं.

नावांचा एक घोळ इथेच सोडवून टाकू. 'जॉंगजो', 'सुकजोंग' ही नावं राजाला मेल्यावर देतात. त्यामुळे मालिकेत त्याला कुणीच त्या नावाने हाक मारत नाही आणि इंटरनेटवर शोधणारा गोंधळतो. शेवटी 'जो' किंवा 'जोंग' आलं की तो बहुतेक वेळा गादीवर मेलेला राजा. 'गुन' हे राजपुत्राच्या नावामागेही लागतं, पण राजाच्या नावामागे आलं, जसं यॉनसानगुन किंवा ग्वांगहेगुन, की समजायचं याला गादीवरून खाली खेचलं होतं. नुसत्या एका अक्षरावरून तुम्हाला बऱ्याचदा शेवट कळतो.

राजाचं खरं नाव वेगळंच. ते उच्चारायला बंदी, लिहायलाही बंदी. लोकांची अडचण होऊ नये म्हणून राजपुत्रांना मुद्दाम क्वचित वापरात असलेली अक्षरं नाव म्हणून देत. जॉंगजोचं नाव होतं सान. आपल्या आज्या उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव घेत नसत आणि त्या एका उखाण्यात किती लाज, किती जवळीक मावायची, हे आठवा. मालिकेतली नायिका राजाचं नाव ओठांवर आणते त्या क्षणाचं वजन तुम्हाला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

पायरी दुसरी : कान तयार करा

मी मूळ कोरियन आवाज आणि खाली सबटायटल्स याच बाजूची आहे. हिंदी डबिंग आता पुष्कळ मालिकांना मिळतं आणि घरात वडीलधारी माणसं सोबत बघणार असतील तर खुशाल लावा. पण एकट्याने बघत असाल तर मूळ आवाज सोडू नका, कारण मराठी माणसाचा कान या कामासाठी फार चांगला आहे.

इंग्रजी सबटायटलमध्ये राजालाही 'यू' आणि मोलकरणीलाही 'यू'. कोरियन भाषेत तसं नाही. आपल्याकडे 'तू, तुम्ही, आपण' आहे, तसं त्यांच्याकडे क्रियापदाच्या शेवटात सगळं ठरतं. दरबारी बोलण्यात वाक्यं 'ओप्सोसो', 'ओम्निदा' अशी लांब, झुकलेली संपतात. राजा खालच्यांशी बोलतो तेव्हा वाक्य तुटक, 'रा' किंवा 'ना' वर थांबतं. दोन-तीन भाग नुसते शेवट ऐका. मग एखाद्या रात्री दोघंच असताना तिचं वाक्य आखूड होईल, किंवा त्याचं अचानक मऊ होईल. सबटायटलमध्ये काहीच बदललेलं नसेल, पण तुम्हाला 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्यासारखं स्पष्ट ऐकू येईल. प्रेमाची कबुली कितीतरी वेळा शब्दांत नसते, ती त्या शेवटात असते.

काही शब्द पाठ करा. 'जॉन्हा' म्हणजे महाराज. 'जॉहा' म्हणजे युवराज. या दोघांत फक्त एका 'न्'चा फरक आहे, तेव्हा लक्ष ठेवा. 'देबी' ही राजमाता आणि 'देवांग देबी' तिच्याही वरची, आजेसासू. या दोघी घाबरण्यासारख्या, कारण राजा लहान असला की बांबूच्या पडद्याआड बसून कारभार याच बघतात. 'सांगगुंग' ही दासींमधली मोठ्या हुद्द्याची बाई. आणि 'मामा'.

माझ्या आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, या राणीला सगळे मामा का म्हणतायत?" राजघराण्यातल्या व्यक्तीच्या हुद्द्याला आदराने जोडायचा तो शब्द आहे, बाई-पुरुष दोघांनाही चालतो. 'जुंगजॉन मामा' म्हणजे महाराणीसाहेब. आई आता राणी पडद्यावर आली की "आल्या मामा" म्हणते आणि पुढचं सगळं तिला कळतं.

दरबारात सगळे अधिकारी एकसुरात ओरडतात ते 'थोंगछोक हायॉ जुसिओप्सोसो'. साधारण अर्थ, 'महाराजांनी नीट विचार करावा'. ऐकायला विनवणी वाटते, पण बहुतेक वेळा ते संघटित विरोधाचं हत्यार असतं. हे वाक्य ऐकू आलं की राजाच्या चेहऱ्याकडे बघा. आपण एकटे आहोत हे त्याला कळलेलं असतं.

पायरी तिसरी : केस, टोप्या आणि झग्याचा रंग

"सगळे सारखेच दिसतात" ही तक्रार इथे मिटते.

पाठीवर एक लांब वेणी आणि टोकाला फीत असेल तर ती व्यक्ती अविवाहित. मुलगा असो की मुलगी. लग्न झालं की बाईचे केस मानेवर अंबाड्यात बांधले जातात आणि त्यात आडवा काटा खोचतात, त्याला 'बिन्यॉ' म्हणतात. पुरुषाच्या डोक्यावर गाठ बांधली जाते. थोडक्यात, तिथे अंबाडा हेच मंगळसूत्र. म्हणून नायकाने नायिकेला बिन्यॉ दिला तर ती नुसती भेटवस्तू नसते, तो लग्नाचा प्रस्ताव असतो. हे माहीत नसेल तर बाजारातला तो छोटा प्रसंग 'एक दागिना घेतला' म्हणून डोळ्यांसमोरून निघून जातो.

घोड्याचे केस आणि बांबू यांची विणलेली काळी, आरपार दिसणारी टोपी म्हणजे 'गाट'. ती घालणारा प्रतिष्ठित घरचा पुरुष. राजाचा झगा लाल आणि त्यावर सोनेरी गोल ड्रॅगन. युवराजाचा गडद निळा-काळा. पिवळा झगा दिसला तर काळ १८९७ नंतरचा असायला हवा, कारण सम्राट म्हणवून घेतल्यावरच कोरियन राजाने पिवळा रंग घातला.

'द रेड स्लीव्ह' या नावातली लाल बाही राजवाड्यातल्या दासींच्या वेषावरून आली आहे. या मुली पाच-दहा वर्षांच्या असतानाच आत यायच्या. साधारण पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांचा एक विधी होई. नवरीसारखा साज, नवरीसारखं केस बांधणं, सगळं लग्नासारखं. फक्त नवरा नसे. त्या दिवसापासून ती राजवाड्याची, म्हणजे कागदावर राजाची बाई. राजाने तिच्याकडे जन्मभर वळून पाहिलं नाही तरी तिला दुसरं लग्न नाही. मी हा विधी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती मालिका थांबवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

पायरी चौथी : कोणती मालिका आधी

इथे लोक चुकतात. यादीतली सगळ्यात गाजलेली मालिका उचलतात, ती जड जाते आणि पुन्हा या वाटेला येत नाहीत. माझा क्रम असा.

सुरुवात 'लव्ह इन द मूनलाइट'पासून करा. २०१६ ची, १८ भागांची. हसरी आहे, रंग सुंदर आहेत, पार्क बो-गम आणि किम यू-जंग दोघंही डोळ्यांना प्रसन्न वाटतात. मुलाच्या वेषात वाढलेली एक मुलगी खोजा म्हणून राजवाड्यात पोचते आणि युवराजाच्या महालात नेमली जाते. मुलीने पुरुषवेष घेणं ही या प्रकारातली फार घासलेली युक्ती आहे, पुढे ती इतक्या वेळा भेटेल की कंटाळा येईल. पण तिचं कारण खरं आहे. त्या काळी दरबारात, परीक्षेत, रात्रीच्या रस्त्यावर मोकळेपणी वावरायचं तर मुलीला दुसरा मार्ग नव्हता. बसण्याआधी एवढंच माहीत करून घ्या की हा युवराज ह्योम्यॉंग खरा होऊन गेला. १८२७ पासून तो वडिलांच्या वतीने कारभार बघत होता, कलावंत होता, नृत्यरचना करायचा, आणि १८३० ला ऐन विशीत वारला. मालिकेने त्याला इतिहासाने न दिलेलं आयुष्य दिलं आहे. म्हणून तिचा गोड शेवट मला उथळ वाटत नाही. त्या पोराला कुणीतरी प्रेमाने दिलेली ती भेट वाटते.

दुसरी, 'द रेड स्लीव्ह'. २०२१ च्या शेवटी सुरू झालेली, १७ भाग. माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात प्रामाणिक मालिका हीच. राजा सान, म्हणजे वरचा जॉंगजो, आणि दासी सॉंग डॉकइम. भूमिकांत ली जुन-हो आणि ली से-यंग.

हिचा इतिहास आधी वाचाच. डॉकइम ही राजवाड्यातली दासी खरी. १७७३ ला राजकन्यांबरोबर तिने एका मोठ्या कादंबरीची हाताने नक्कल केली होती, ती प्रत आजही आहे. ती गेल्यावर जॉंगजोने स्वतः तिच्या समाधीसाठी लेख लिहिला. त्यात तो सांगतो की पहिल्यांदा मी तिला मागणी घातली तेव्हा ती रडून नाही म्हणाली, राणीला अजून मूल नाही, मी हे करणार नाही, असं म्हणाली. त्याने मान्य केलं. पंधरा वर्षांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नाही म्हणाली. मग त्याने तिच्या नोकरांना शिक्षा केली आणि तेव्हा ती आली.

हे शेवटचं वाक्य नीट वाचा, कारण मालिकेचा सगळा भार त्यावर आहे. राजाने तिच्यावर अतोनात प्रेम केलं, यात शंका नाही. दगडावर कोरायचा इतका खाजगी मजकूर कोण लिहितं? पण तिला खरोखर 'नाही' म्हणता येत होतं का? तिने दोनदा तरी म्हणून पाहिलं. मालिका तिच्या त्या नकाराचं कारण शोधते. तिला तिच्या मैत्रिणी हव्या आहेत, पुस्तकं वाचून दाखवून मिळवलेले चार पैसे हवे आहेत, आपला दिवस आपण ठरवलेला हवा आहे. राजाचं प्रेम मिळालं की एवढंच तिच्या हातून जाणार आहे. तिचंही त्याच्यावर प्रेम आहे का, हे मालिका ती जिवंत असेपर्यंत तिच्या तोंडून सहज वदवून घेत नाही. ज्यांना तिसऱ्या भागात कबुली आणि दहाव्या भागात लग्न हवं असतं, त्यांना हे रुचत नाही. मला मात्र ती या बाईला दिलेली इज्जत वाटते.

तिसरी, 'माय डिअरेस्ट', २०२३, २१ भाग. वर सांगितलेली १६३६ ची स्वारी इथे आहे. सुरुवातीचे भाग गावातल्या थट्टामस्करीचे, हसऱ्या पाहुण्याचे आणि नखरेल मुलीचे. मग युद्ध येतं आणि मालिका वेगळीच होऊन जाते. मांचूंनी हजारो लोकांना पकडून आपल्या राजधानीला, शेनयांगला नेलं. त्यातल्या ज्या बायका जिवावर उदार होऊन परत आल्या, त्यांना घरच्यांनीच 'बाटलेल्या' म्हणून झिडकारलं. फाळणीच्या वेळी पळवल्या गेलेल्या आणि नंतर परत आलेल्या बायकांच्या कहाण्या ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना हे भाग बघताना दम धरावा लागेल. नामगुंग मिनने साकारलेला नायक नायिकेला जे एक-दोन वाक्यांत सांगतो, ते मी इथे लिहिणार नाही. ते त्याच्याच तोंडून ऐका.

'मिस्टर सनशाईन' चौथ्या क्रमांकावर ठेवा, २०१८ ची, २४ भाग. गुलाम म्हणून जन्मलेला, लहानपणी पळून अमेरिकेला गेलेला मुलगा तिथला सैनिकी अधिकारी होऊन परत येतो आणि चोरून बंदूक चालवणाऱ्या खानदानी मुलीला भेटतो. राजकारण गुंतागुंतीचं आहे आणि पहिले दोन भाग फार पळतात. १९१० ला देश जाणार हे तुम्हाला माहीत असेल, तर त्यातली प्रत्येक भेट निरोपासारखी दिसू लागते.

नंतर हवं ते बघा. 'द किंग्ज अफेक्शन'ला २०२२ ला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं, जुळ्या भावाच्या जागी युवराज म्हणून वाढवलेल्या मुलीची ती गोष्ट. पार्क उन-बिनसाठी बघा. 'मून एम्ब्रेसिंग द सन' २०१२ ची, काल्पनिक राजाची. तिच्या पहिल्या सहा भागांतली लहान मुलं मोठ्या नटांपेक्षा जास्त आवडली तर नवल नाही, मलाही तीच आवडली.

पायरी पाचवी : बघण्याची शिस्त

भाग तासाभराचा, कधी त्याहून मोठा. एकूण सोळा ते चोवीस. आपल्या रोजच्या मालिकांसारखं वर्षानुवर्षं चालत नाही, कथा ठरलेल्या ठिकाणी संपते. म्हणून घाई नको. कोरियात ही आठवड्याला दोन भाग अशीच दाखवली जाते आणि लेखनही त्या लयीत असतं. दिवसाला दोन भाग पुष्कळ झाले. एका रविवारात आठ भाग गिळले की दरबारातले गट डोक्यात एकमेकांत मिसळून जातात.

चौथ्या भागापर्यंत सोडू नका. पहिल्या भागात वीस-पंचवीस माणसं ओळख करून देतात, बालपण उरकायचं असतं. चौथ्या भागापर्यंत कथा पकडत नसेल तर मात्र बिनधास्त सोडा.

पहिल्या दोन भागांसाठी कागदावर वंशावळ काढा. राजा, त्याची आई, आजी, राणी, उपराण्या, कोणाचा मुलगा कोण. अधिकाऱ्यांमध्ये 'नोरॉन' आणि 'सोरॉन' ही गटांची नावं ऐकू येतील. त्यांची तत्त्वं समजून घेत बसू नका. कोणत्या गटाची मुलगी राणी झाली आणि पुढच्या राजाचा आजोबा कोण होणार, एवढं कळलं की भांडण कळतं. युवराजासाठी मुलगी निवडायची वेळ आली की देशभर लग्नांना बंदी घालत आणि तीन फेऱ्यांत निवड करत, हेही त्याच राजकारणाचा भाग.

नेटफ्लिक्स आणि विकी (Viki, विकिपीडिया नव्हे) या दोन ठिकाणी बहुतेक सापडतं. कुठली मालिका कुठे आहे हे बदलत राहतं, तेव्हा बसण्याआधी शोधून घ्या. विकीवर प्रेक्षकच सबटायटल्स करतात आणि एखाद्या शब्दाचा अर्थ कंसात समजावतात. नवख्या माणसाला ती टिपणं फार उपयोगी.

पायरी सहावी : खरं किती, रचलेलं किती

जोसॉनच्या राजांच्या नोंदींना 'सिल्लोक' म्हणतात. १३९२ ते १८६३, पंचवीस राजे, ४७२ वर्षं. आपल्याकडच्या कित्येक बखरी घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिल्या गेल्या. सिल्लोकचं तंत्र वेगळं. इतिहास लिहिणारे अधिकारी रोज राजासमोर हजर असत, राजा मेल्यावर त्या टिपणांतून ग्रंथ होई आणि राजाला ती टिपणं वाचायची मुभा नसे. १४०४ ला राजा ताएजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि उठताक्षणी म्हणाला की इतिहासकाराला हे कळू देऊ नका. तो पडल्याचंही लिहिलं गेलं आणि हे म्हणाल्याचंही.

कोरियन माणसाला याचा अभिमान आहे आणि तो राखायला तो भांडतो. 'मिस्टर क्वीन'मध्ये सिल्लोकला हलकं लेखणारं एक वाक्य आलं तर प्रेक्षक खवळले आणि निर्मात्यांना माफी मागावी लागली. २०२१ ला एक मालिका तर इतिहासाची मोडतोड आणि चिनी धाटणीचे खाद्यपदार्थ, सामान दाखवल्याच्या तक्रारींवरून दोनच भागांनंतर कायमची बंद झाली. एवढ्या टोकाला जावं का, याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही. पण ऐतिहासिक मालिकेत पुण्या-साताऱ्यात काय वादळं उठतात हे पाहिलेल्या आपल्याला तो राग परका नाही.

मात्र सिल्लोकमध्ये बायका जवळजवळ नाहीत. बहुतेकींची नावंसुद्धा नाहीत. जांगगुम नावाच्या वैद्य बाईबद्दल त्यात मोजक्याच ओळी आहेत, त्यांतून २००३ ला चोपन्न भागांची मालिका उभी राहिली. ती आपल्याकडे दूरदर्शनवरही हिंदीत दाखवली होती. काहींना आठवत असेल. प्रेमकथा नेमक्या याच मोकळ्या जागेत लिहिल्या जातात. त्यामुळे 'हे खोटं आहे' म्हणून नाक मुरडण्याआधी बघा, नोंद बदलली आहे की नोंद नव्हती तिथे काही भरलं आहे. दुसरं मला मान्य आहे.

एका गोष्टीवर मात्र मी नाराज आहे. गुलामी. जोसॉनमध्ये माणसं विकली जात, वारशाने मिळत, आई गुलाम तर मूल गुलाम. ही प्रथा १८९४ ला कायद्याने संपली. गोड मालिकांत हेच लोक नायिकेची प्रेमळ, विनोदी, कायम हसरी 'घरची माणसं' म्हणून येतात आणि तिच्यासाठी मार खातात. 'मिस्टर सनशाईन' या प्रश्नाला भिडते, बहुतेक मालिका नाही. ही खोट लक्षात ठेवून बघा.

पायरी सातवी : चिनी मालिकांकडे वळायचं तर

चार-पाच कोरियन मालिकांनंतर चिनी मालिका घ्या, आधी नको. तिथे सत्तर-सत्तर भाग असतात, पुष्कळदा नटांचे आवाज मागून दुसऱ्यांनी दिलेले असतात आणि प्रेमापेक्षा अंतःपुरातल्या पदांची चढाओढ जास्त. पुरुषांच्या कपाळावरचे केस काढलेले आणि मागे शेंडीसारखी वेणी असेल तर काळ छिंग राजवटीचा. २०१८ ची 'यानशी पॅलेस' सत्तर भागांची आहे, सम्राट छिएनलुंगच्या काळातली. तिच्यातली सम्राज्ञी फुछा खरी, १७४८ ला वारलेली. तिच्यावर जीव लावू नका असं सांगून काही उपयोग होत नाही.

पायरी आठवी : संपल्यावर

शेवटचा भाग संपला की लगेच दुसरी मालिका लावू नका. त्या माणसांचं पुढे काय झालं ते वाचा. 'रेड स्लीव्ह'पुरतं मी सांगते.

डॉकइमला १७८२ ला मुलगा झाला. दोन वर्षांनी तो युवराज झाला. १७८६ च्या उन्हाळ्यात ते पोर गोवराने गेलं. त्याच वर्षी, हिवाळा लागायच्या आत, पोटात आणखी एक मूल असताना तीही गेली. राजाने तिला मुलाच्या जवळच, आजच्या सोल शहरात ह्योछांगवॉन म्हणतात तिथे, पुरलं आणि तो लेख लिहिला. पुढे १९४४ ला, जपानी अंमलात, त्या दोघांच्या समाध्या तिथून हलवून सोलच्या बाहेर सोसामनुंगच्या दफनभूमीत नेल्या. तिथे आता आई एकीकडे आहे आणि लेकरू दुसरीकडे.

जॉंगजो त्यांच्यापासून दूर, ह्वासॉंगमध्ये आहे, आपल्या पेटाऱ्यातल्या वडिलांच्या समाधीजवळ. त्याच्या शेजारी राणी ह्योउई आहे, जिला मूल नव्हतं आणि जिच्यासाठी डॉकइम पहिल्यांदा नाही म्हणाली होती.